हौशीरामची उंच गाडी

भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या शिवारात, काळ्या रानाची एक पट्टी आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नदीला जाऊन मिळणारा ओढा. त्या पट्टीवर पूर्वी तीन घरं नांदत होती. पोरांच्या शाळेसाठी एक घर गावात राहायला गेलं. दुसरं साळूबाईचं. तिच्या मुलांनी रान विकलं, आणि पुण्याच्या ज्या माणसानं ते घेतलं त्यानं भोवती तारेचं कुंपण घालून आत आंब्याची रोपं लावली. उरलं ते हौशीरामचं घर.

तिन्ही घरांनी मिळून ओढ्यात सिमेंटचे नळे टाकले होते आणि वर मुरूम दाबून मोरी केली होती. एका वर्षी परतीच्या पावसात ती मोरी वाहून गेली. नळे पार नदीच्या तोंडाशी जाऊन आडवे पडले. तीन घरं असती तर मोरी आठ दिवसांत पुन्हा उभी राहिली असती. एकट्या हौशीरामनं दोनदा दगडगोटे टाकून पाहिले, दोन्ही खेपेला पाण्यानं ते नेले. मग त्यानं नाद सोडला. उन्हाळ्यात ओढ्यातून कशीबशी गाडी निघायची. एरवी गाडी ओढ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या अंगाला ठेवायची आणि फुलांची गाठोडी डोक्यावर घेऊन पाण्यातून यायचं.

हौशीरामचं सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं होतं. घरची शेवंती आणि झेंडू होताच, पण त्याचा खरा धंदा म्हणजे आसपासच्या गावांतली फुलं गोळा करून पिकअपमधून पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवायची. तिन्हीसांजेला निघायचं, बांधाबांधावर थांबून माल भरायचा, पहाटे यार्डात उतरवायचा आणि दुपारी घरी परतायचं. आल्यावर जेवायचं आणि आडवं व्हायचं, ते दिवेलागणीलाच उठायचं. पंचवीसेक वर्षं हेच चाललं. रस्त्यावर त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. यवतचा चहावाला त्याचा हॉर्न ओळखायचा. पंक्चरवाले, हमाल, आडते, सगळ्यांच्या घरची लग्नं, बाळंतपणं त्याला ठाऊक. शेतकऱ्यांतला कुणी सोबत यार्डात निघाला की म्हणायचा, हौशीरामच्या शेजारी बसलं की पुणं कधी आलं ते समजत नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. समोरून गाडी आली की तिच्या उजेडात रस्ताच दिसेनासा व्हायला लागला. डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवायला बंदी केली. फुलांची फेरी एका तरण्या पोराच्या मोठ्या टेम्पोकडे गेली. हौशीरामला वाईट वाटलं, पण फार नाही. त्याच्या मनात होतं, झालं एवढं पुष्कळ झालं. आता आपण आणि आपली बायको नकुशी, दोघांनी घरी निवांत राहायचं, दुपारी ओट्यावर बसून चहा प्यायचा, फुलं तोडायची, गावात कुणाचं काय चाललंय ते बोलायचं.

त्याच हिवाळ्यात नकुशी ओढ्यात घसरली. डोक्यावर झेंडूचं गाठोडं होतं, शेवाळावरून पाय गेला आणि गुडघा दगडावर आपटला. मुलगी, शितल, केडगावला राहते. तिथल्या एका दवाखान्यात ती नर्स आहे. तिनं आईला नेलं, गुडघ्याचे फोटो काढले, औषधं सुरू केली. महिनाभर विश्रांती घेऊ दे म्हणाली. हौशीराम म्हणाला, घे, घाई कुणाला आहे.

महिना झाला. हौशीरामनं फोन केला, तर नकुशी म्हणाली, ओढ्याला अजून पाणी असंल. होतंही. पुन्हा महिन्यानं केला, तर म्हणाली, चिखल वाळू द्या. चिखल वाळला, तेव्हा शितलच्या मुलीची, धनश्रीची, परीक्षा होती. परीक्षा संपली, तेव्हा वळवाचा पाऊस पडून गेला होता आणि नकुशी म्हणाली, आता कुठं त्या ओढ्यातनं येऊ. 

असं करत वर्ष सरलं.

एकटं राहणं म्हणजे काय हे हौशीरामला कधी ठाऊकच नव्हतं. त्याची भाकरी थापली की तुटायची, म्हणून तो भात टाकायचा. एका माणसाचा भात किती टाकायचा हे त्याच्या हाताला जमेना; रोज उरायचा. संध्याकाळी पाखरं परतली की मळ्यात असा शुकशुकाट व्हायचा की नदीपल्याडच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकू यायचा. तो दारात खुर्ची टाकून बसायचा आणि जुन्या ओळखीच्या लोकांना फोन लावायचा. पहिले काही दिवस लोक बोलले. मग, हौशीराम, गाडीवर आहे, नंतर करतो, असं म्हणायला लागले. नंतर कुणाचा फोन यायचा नाही. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं नाही. गाडीवर होता तोवर हौशीराम त्यांच्या रस्त्यातच होता, आता नव्हता. एकदा तोडलेली फुलं क्रेटमध्ये भरताना तो मोठ्यानं म्हणाला, "औंदा रंग चांगला धरलाय गं," आणि मग मान वर करून त्यानं उगाच इकडेतिकडे पाहिलं.

या सगळ्याचा दोष त्यानं ओढ्याला दिला. ओढा आहे म्हणून नकुशी येत नाही, ओढा आहे म्हणून कुणी पाहुणा येत नाही. मोरी बांधणं एकट्याच्या हातचं नव्हतं. पण गाडी आपली होती. ओढा खाली बसत नसेल तर गाडी वर उचलायची, असं त्याच्या मनानं घेतलं.

यवतला हायवेच्या कडेला इंद्रजीतचं गॅरेज आहे. हा इंद्रजीत जीपगाड्या उंच करून देण्यात वाकबगार. पुण्याचे हौशी लोक त्याच्याकडे यायचे, गाड्यांना मोठमोठे टायर लावून घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम चिखलात घालून लोळवायचे. हौशीराम आपली जुनी पिकअप घेऊन तिथं गेला आणि म्हणाला, ही ओढ्यातून गेली पाहिजे, मांडीभर पाणी असलं तरी.

इंद्रजीतनं गाडीखाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि हसून विचारलं, "मामा, वाळूबिळूचा धंदा काढताय का काय?"

"न्हाई रं बाबा. मालकीण आणायचीय घरला."

इंद्रजीतला ती थट्टा वाटली. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यानं जॅक आणायला सांगितला.

काम बरेच दिवस चाललं. आधी चारी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उतरवले. ते वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं सपाट झाले होते. त्यांना पुन्हा कमान देऊन घेतली, वर एकेक जाड पाटा वाढवला. पाटे आणि धुरा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. पाटे उंच झाले तसे शॉकअप अपुरे पडले, ते लांब घ्यावे लागले. मग ब्रेकचे पाइप ताणायला लागले, तेही बदलले. भंगारातल्या एका गाडीचा पुढचा धुरा मिळाला, तो बसवल्यावर पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळाला. खोल नक्षीचे रुंद टायर आले, ते मडगार्डाला घासायला लागले म्हणून मडगार्ड कापले. इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा घेणारा पाइप काचेच्या कडेनं थेट टपापर्यंत नेला. एक गोष्ट वाढवली की दुसरी अपुरी पडायची. इंद्रजीत म्हणायचा, गाडी उचलणं सोपं असतं, उचलल्यावर बाकी सगळं तिच्यापर्यंत पोचवायला वेळ लागतो.

ते दिवस हौशीरामचे फार चांगले गेले. सकाळी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तो यवतला यायचा आणि दिवे लागायच्या आत परत फिरायचा. गॅरेजात त्याला काही काम नव्हतं, पण नटबोल्ट डिझेलमध्ये धुऊन द्यायचा, पाना हातात द्यायचा, सगळ्यांचा चहा सांगायचा. वेल्डिंगवाला बिहारचा होता. हौशीराम त्याच्याशी मार्केट यार्डातल्या हमालांकडून शिकलेल्या हिंदीत बोलायचा आणि तो पोट धरून हसायचा. जेवायला सगळे एकत्र बसायचे. गाडी तयार झाली त्या दिवशी हौशीरामला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

इंद्रजीतनं किल्ली देताना बजावलं, हायवेला फार फिरवू नका, कागदावर गाडी जशी आहे तशी आता राहिलेली नाही. वळणावर वेग धरू नका, उंचीमुळं कलंडेल. आणि मग म्हणाला, "मामा, मामी चढतील का पर यात?"

"चढंल की," हौशीराम म्हणाला. त्याचं लक्ष टायरांकडे होतं.

ओढ्याला तेव्हा गुडघ्याच्या वर पाणी होतं. हौशीरामनं काठावर गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू आत घातली. पाणी दोन्ही अंगांनी दुभंगत गेलं. मध्येच एक चाक गाळात बसतंय असं वाटलं, पण बाकीच्या चाकांनी तिला उचलून धरली आणि गाडी पलीकडच्या चढावर अशी निघाली, जशी म्हैस डोहातून बाहेर येते. हौशीरामनं खाली उतरून पाहिलं. दारापर्यंत ओल होती, आत थेंब नव्हता. त्यानं मागं वळून ओढ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग कुंपणाकडे. कुणी पाहिलं असेल असं वाटलं होतं. कुणीच नव्हतं. तो गाडीत बसून अंगणात आला आणि त्यानं जोरात, लांबवर हॉर्न वाजवला. चिंचेवरचे बगळे तेवढे उडाले.

दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो नदीचा पूल ओलांडून केडगावला गेला. स्टेशनजवळच्या गल्लीत गाडी शिरली तशी पोरं मागून धावत आली. आया दारात आल्या. शितलचा नवरा ज्ञानेश कुरकुंभला कंपनीत असतो, तो कामावर निघालेला, तोही थांबला. नकुशी पदर सावरत बाहेर आली. तिनं गाडीकडे पाहिलं, आधी टायरांकडे, मग वर दाराकडे, मग आणखी वर त्या पाइपाकडे.

"ही आपलीच का?" तिनं विचारलं.

"आपलीच. आता कितीबी पाणी असू दे. चल."

नकुशीनं दाराला हात लावला. गाडीत चढायची पायरी तिच्या मांडीपाशी येत होती. तिनं चांगला पाय वर टाकायचा प्रयत्न केला, तर सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर आला आणि तिनं ओठ दाबून पाय खाली घेतला. समोरच्या अनसाबाईनं घरातून स्टूल आणलं. स्टुलावर चढली तर ते डुगडुगायला लागलं. ज्ञानेश एका बाजूनं, अनसाबाई दुसऱ्या बाजूनं धरायला लागली. आणि मग नकुशीला हसू फुटलं. ती स्टुलावर तशीच उभी राहून हसायला लागली, अनसाबाई हसायला लागली, सगळी गल्ली हसली. हौशीरामही हसला. आपली बायको एवढी हसते हे त्यानं बऱ्याच काळानं पाहिलं होतं. किंवा कधी पाहिलंच नव्हतं, त्याला नक्की आठवेना.

त्या दिवशी तो एकटाच परतला. बाजूचं सीट त्यानं सकाळी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं.

तिथून तो थेट यवतला गेला. इंद्रजीतनं लोखंडी पट्ट्यांची दोन पायऱ्यांची घडीची शिडी करून दिली. खाली सोडली की जमिनीपासून वीतभर वर राहायची. दाराच्या आत हाताला धरायला एक दांडाही जोडला. पायरीवर घसरू नये म्हणून जुन्या टायरचं रबर ठोकलं. बिहारी वेल्डरनं स्वतः दोनदा चढून उतरून दाखवलं.

या खेपेला नकुशी चढली. सावकाश, एक एक पाय टाकत, पण चढली. अनसाबाईनं खिडकीतून डबा दिला. चौफुल्याकडून फिरून ते पुलावर आले. हौशीराम सारखा बोलत होता. हा टायर कसा, तो पाटा कसा, वेल्डर काय म्हणाला. नकुशी ऐकत होती. ओढा आला तसा तो गप्प झाला आणि तिला म्हणाला, दांडा घट्ट धर. तिनं धरला. गाडी पाण्यात उतरली, डोलली, वर चढली. नकुशी समोर पाहत बसली होती, जशी एसटीत बसते तशी.

"भ्या न्हाई वाटलं?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा अंगण झाडलं. चुलीमागची राख काढली, माठ घासला, उरलेला भात बाहेर पाखरांना टाकला. शेवंतीच्या वाफ्यांमधून काठी टेकत एक फेरी मारली, दोन रोपांची कीड बोटानं चिरडली. अनसाबाईनं दिलेल्या डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती. दोघांनी ओट्यावर बसून जेवण केलं. हौशीरामनं स्वतः चहा केला. जसं त्याच्या मनात होतं तसंच सगळं चाललं होतं.

ऊन कलायला लागलं तशी नकुशी उठली आणि तिनं चपला घातल्या.

"निघू या. उजेड हाय तवर सोडा मला."

हौशीरामला वाटलं, काही विसरलं असेल, औषधं असतील. तो म्हणाला, औषधं मी उद्या जाऊन आणतो. नकुशी पुन्हा खाली बसली. थोडा वेळ ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग बोलली ती अगदी शांतपणे, कुणाची तक्रार करावी तसं नाही.

"ओढ्याचं भ्या मला कवाच नव्हतं. शितल पोटात व्हती तवाबी मी छातीभर पाण्यातनं आलीय. ते तुम्हाला सांगायला बरं पडत व्हतं."

"मग?"

"तुम्ही सांच्याला जायचा. दुपारी यायचा आन् जेवून झोपायचा. म्या कुणासंगं बोलायचं? साळूबाई व्हती तवर बरं व्हतं, बांधावर उभं राहून चार शब्द बोलायची. ती गेली. शितल गेली. मग सबंध दिस तोंडातनं शबूद निघायचा न्हाई. एकदा देवाम्होरं उभी राहिले आन् माझाच आवाज मला वळखू आला न्हाई. केडगावला दार उघडलं की समोर माणूस असतं. मला बाकी काय नको."

हौशीरामनं नदीकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

"तुम्ही जागं कवा व्हता?" नकुशी म्हणाली.

पंचवीस वर्षं तो रस्त्यानं लोकांशी बोलत गेला आणि घरी झोपायला आला. गेलं वर्षभर जी शांतता त्याला खायला उठली होती, तिच्यात ही बाई तरणीची म्हातारी झाली होती. त्यानं उठून गाडीची शिडी खाली सोडली. तिला चढवताना त्याचा हात तिच्या कोपराला लागला, आणि तिचं अंग किती हलकं आहे ते त्याला जाणवलं.

गल्लीच्या तोंडाशी उतरताना ती म्हणाली, तुम्हीच या की इकडं राहायला.

तो गेला. थोडे दिवस राहूनही पाहिलं. पण दोन खोल्यांचं घर, नात अभ्यासाला बसलेली, जावई रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. हौशीरामला खाकरायचीही चोरी झाली. दुपारी तो स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचा आणि गाड्या बघायचा. तिकडं मळ्यात शेवंतीला पाणी कोण देणार याचा त्याला घोर लागला. शितलनं रान वाट्यानं द्यायचं सुचवलं. त्यानं हो म्हटलं आणि तो परत आला, आणि वाट्यानं काही दिलं नाही. केडगावला राहणं आपल्याला जमणार नाही हे त्याला कळलं होतं, नकुशीलाही कळलं होतं. त्यांच्यात भांडण झालं नाही. तो दर आठवड्याला फुलं आणि भाजी घेऊन केडगावला जायचा, दुपारभर बसायचा आणि उजेड असताना परतायचा.

पावसाळा लागला. आता ओढा कसाही वाहिला तरी हौशीराम जायचा-यायचा. दुसरं कुणी यायचं नाही.

साळूबाईचं रान घेतलेल्या पुण्याच्या मालकानं दिवाळीपासून आंब्यांच्या राखणीला एक जोडपं ठेवलं होतं. कुंपणाच्या आत पत्र्याची खोली होती. नवरा दिवसभर बागेच्या टोकाला ठिबकच्या नळ्या बघत असायचा, नाहीतर मालकाच्या कामाला बाहेर गेलेला असायचा. बायको दारात उभी दिसायची. हौशीराम येता-जाता तिला पाहत होता, म्हणजे नजर तिच्यावरून जात होती. त्यानं कधी गाडी थांबवली नव्हती. परक्याच्या घरातली लेकीसुनेच्या वयाची बाई, तिच्याशी काय बोलायचं?

नकुशीच्या बोलण्यानंतर मात्र त्याला ती दिसायला लागली. सकाळी जाताना ती दारात असायची आणि दुपारी येताना तिथंच असायची. एकदा बाजाराच्या दिवशी त्यानं कुंपणाशी गाडी थांबवली आणि विचारलं, "पोरी, बाजाराला यायचंय का? मी चाललोय."

ती आधी दचकली. मग आत गेली, पिशवी घेऊन, डोक्यावर पदर घेऊन आली आणि शिडी सोडायच्या आतच चढून बसली. ओढा ओलांडेपर्यंत ती गप्प होती. पलीकडं गाडी रस्त्याला लागली आणि तिला कंठ फुटला. ती बीडकडची. तिच्या आईकडं शेळ्या होत्या, धाकटी बहीण शिवणकाम शिकते, इथलं पाणी तिच्या पोटाला मानवत नाही, नवरा चांगला आहे पण बोलत नाही, इथं रात्री कोल्हे ओरडतात ते खरे कोल्हे का दुसरं काही? ती बोलतच होती. हौशीराम पूर्वी गाडीत स्वतः बोलायचा. या खेपेला तो ऐकत होता, आणि मध्ये मध्ये फक्त, व्हय का, बरं, म्हणत होता. परतताना तिनं त्याला दोन पेरू दिले.

त्या आठवड्यात केडगावला गेल्यावर त्यानं हे नकुशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवून सगळं ऐकून घेतलं. पोरीला काय बाधतंय, आई कुठली, सगळं विचारलं. आणि मग म्हणाली, "नाव काय तिचं?"

"विचारलं न्हाई," तो म्हणाला.

नकुशी त्याच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग नव्हता. तिनं पुन्हा ताट पुढं ओढलं. "विचारा," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला त्यानं विचारलं. तिचं नाव करिश्मा. तिनं ते एवढ्या खुशीनं सांगितलं, की कुणी विचारेल याची वाटच पाहत होती जणू. त्यानं तिला तिच्या फाटकाशी उतरवलं. ती आत जाऊन पत्र्याच्या दारात दिसेनाशी झाल्यावर त्यानं गाडी पुढं काढली. घरी येऊन कपडे बदलले, पाण्याची मोटार सुरू केली आणि शेवंतीच्या वाफ्यांत पाणी फिरवायला गेला. अंधार पडेपर्यंत तो एकटाच पाटाची मातीची दारं मोडून एकेका वाफ्यात पाणी सोडत होता.